बुडालेल्या जहाजाची साक्ष

प्राचीन काळचे दर्यावर्दी किनारा सोडून भर समुद्रात जात नसत, असा समज पुष्कळ दिवस रूढ होता. त्यांच्याजवळ होकायंत्र नव्हते. नौकाही लहान व वाऱ्यावर विसंबून चालणाऱ्या. तेव्हा डोंगर व भूशिरे दृष्टीआड होऊ न देता त्यांनी एका बंदरातून दुसरे बंदर गाठावे, यापलीकडे त्यांची मजल नसावी, असे अनेक अभ्यासक मानीत.

हा समज अगदीच निराधार होता असे नाही. भूमध्य समुद्रात कांस्ययुगातील मालवाहू जहाजांचे जे दोन प्रसिद्ध अवशेष मिळाले, ते तुर्कस्तानच्या किनाऱ्यालगतच होते. गेलिदोन्या भूशिराजवळील जहाजाचे उत्खनन १९६० साली झाले. उलुबुरून येथील जहाज १९८२ साली स्पंज काढणाऱ्या एका पाणबुड्याला आढळले. त्यात सुमारे १० टन तांब्याच्या व १ टन कथलाच्या लगडी होत्या.

परंतु जहाजे बहुधा खडकांवर आपटून फुटतात आणि खडक असतात ते किनाऱ्याजवळ. शिवाय पाणबुड्या ठरावीक खोलीपर्यंतच उतरू शकतो. जेथे शोध घेता आला, तेथेच अवशेष सापडले. त्यावरून खोल समुद्रात काहीच नसेल असे ठरवणे म्हणजे विहिरीत न डोकावताच ती कोरडी म्हणण्यासारखे होय.

पुढे २०२३ साली इस्रायलच्या किनाऱ्यापासून सुमारे ९० किलोमीटरवर नैसर्गिक वायूच्या शोधासाठी समुद्रतळाची पाहणी चालू होती. तेव्हा १,८०० मीटर खोलीवर मातीच्या शेकडो कुंभांची रास यंत्राच्या कॅमेऱ्याला दिसली. त्यांतील दोन कुंभ वर काढण्यात आले. ते सुमारे ३,३०० वर्षांपूर्वीचे, कनानी लोकांचे असल्याचे पुरातत्त्ववेत्त्यांनी २०२४ साली जाहीर केले. जहाज बुडाले त्या जागेवरून चहूंकडे केवळ क्षितिजच दिसते. तेथे दिशा कळण्यास दिवसा सूर्य व रात्री तारे हेच साधन.

वादळाने एखादे जहाज वाट चुकून तेथे गेले असेल, अशी शंका कोणी घेईल. ती रास्त आहे. एका जहाजावरून साऱ्या खलाशांचा इतिहास लिहिता येत नाही. तथापि, प्राचीन माणूस खोल समुद्रात जातच नव्हता, असे छातीठोकपणे सांगण्याचा अधिकारही आता कोणास उरलेला नाही.

साधने थोडी होती, म्हणून बुद्धी व धैर्यही थोडे असेल, असे मानणे हा पूर्वजांवर अन्याय होय. ज्यांनी आकाश वाचून वाट काढली, त्यांच्या ज्ञानाचा पुरावा शतकानुशतके समुद्राच्या तळाशीच पडून होता. तो कोणी पाहिला नव्हता, एवढेच.