जी हरकत ठाऊकच नव्हती, ती मुदतीत कशी नोंदवायची?

१/
मराठी वृत्तपत्रांच्या आतल्या पानांवर 'जाहीर नोटीस' असते. अमुक गट क्रमांकाची जमीन आमचे अशील विकत घेत आहेत, कोणाची हरकत असल्यास ठरावीक दिवसांत कळवावी, अन्यथा हक्क सोडून दिला असे समजले जाईल. आपण ती न वाचता पान उलटतो. आजचा थ्रेड अशाच एका नोटिशीविषयी आहे. प्रकरण अमेरिकेतले, पण प्रश्न आपलाही आहे.

२/
१ जून २००९ रोजी जनरल मोटर्स ही मोटार कंपनी न्यूयॉर्कच्या दिवाळखोरी न्यायालयात दाखल झाली. अमेरिकन सरकारने तिच्यात एकंदर सुमारे ५० अब्ज डॉलर ओतले. कंपनी बुडाली असती तर सुटे भाग पुरवणारे कारखाने, विक्रेते आणि लक्षावधी कामगारही बुडाले असते. त्यामुळे सर्वांना घाई होती. ५ जुलैला न्यायाधीश रॉबर्ट गर्बर यांनी विक्रीला मान्यता दिली आणि १० जुलैला, म्हणजे चाळिसाव्या दिवशी, व्यवहार पूर्ण झाला.

३/
ही विक्री नेमकी कशाची होती, हे समजल्याशिवाय पुढचे काही उलगडत नाही. जुन्या कंपनीचे उत्तम कारखाने, नाममुद्रा आणि करार सरकारच्या पुढाकाराने स्थापन झालेल्या एका नव्या कंपनीने विकत घेतले. तिचे नावही जनरल मोटर्सच. जुन्या कंपनीचे नामांतर 'मोटर्स लिक्विडेशन कंपनी' असे झाले आणि नको असलेली देणी तिच्या पदरात राहिली. विक्री 'सर्व दाव्यांपासून मुक्त' होती, म्हणजे जुन्या देण्यांसाठी नव्या कंपनीच्या दारात कोणी उभे राहायचे नाही.

४/
मग जुन्या धनकोंनी जायचे कुठे? २०११ च्या योजनेनुसार विनातारण धनकोंसाठी एक ट्रस्ट स्थापन झाला. त्याच्याकडे रोख फारशी नव्हती. नव्या कंपनीचे समभाग आणि वॉरंट होते. दावे मंजूर होतील तसे ते वाटायचे होते. दावा दाखल करण्याची अंतिम तारीख मात्र ३० नोव्हेंबर २००९ हीच होती. विक्री करारात आणखी एक कलम होते. मंजूर दाव्यांची बेरीज ३५ अब्ज डॉलरच्या पुढे गेली, तर नव्या कंपनीने ट्रस्टला कमाल ३ कोटींपर्यंत जादा समभाग द्यायचे. हे कलम लक्षात ठेवा.

५/
आता गाडीकडे वळू. शेव्हरोले कोबाल्ट, सॅटर्न आयन अशा काही गाड्यांतला इग्निशन स्विच कंपनीच्या स्वतःच्या मानकापेक्षाही सैल होता. किल्ल्यांचा जड जुडगा लोंबकळत असला किंवा गुडघ्याचा धक्का लागला, तरी चालत्या गाडीत किल्ली मागे सरके. इंजिन बंद पडे, स्टिअरिंग आणि ब्रेक यांना मिळणारे यांत्रिक साहाय्य थांबे आणि नेमक्या त्या क्षणी एअरबॅगही निकामी होत.

६/
इतिहासाची विद्यार्थिनी म्हणून मला सर्वाधिक अस्वस्थ करणारा तपशील हा आहे. २००६ मध्ये स्विचची रचना सुधारण्यास मंजुरी मिळाली, पण भागाचा क्रमांक तोच ठेवला गेला. दोष दूर झाला आणि दोष होता याची खूणही कागदावरून नाहीशी झाली. पुढे तपास करणाऱ्यांना जुना आणि नवा स्विच एकच वाटत राहिला. जॉर्जियातील एका मृत तरुणीच्या कुटुंबाच्या बाजूने काम करणाऱ्या तज्ज्ञाने दोन्ही स्विच शेजारी ठेवून पाहिले, तेव्हा कुठे हा फरक उघड झाला. दप्तर जे सांगत नव्हते, ते वस्तूने सांगितले.

७/
फेब्रुवारी २०१४ मध्ये रिकॉल सुरू झाला आणि वाढत वाढत सुमारे २६ लाख गाड्यांपर्यंत गेला. सरकारने आपला शेवटचा समभाग त्याच्या दोनच महिने आधी, डिसेंबर २०१३ मध्ये, विकला होता. कंपनीने नेमलेल्या भरपाई निधीने अखेर १२४ मृत्यू आणि २७५ जखमींचे दावे मान्य केले. हा निधी २००९ पूर्वीच्या अपघातांनाही खुला होता. परंतु ती कंपनीची इच्छा होती, पीडितांचा हक्क नव्हे. हक्क मागायला गाडीमालक न्यायालयात गेले, तेव्हा त्यांच्यासमोर २००९ चा विक्री-आदेश ठेवण्यात आला.

८/
न्या. गर्बर यांनी एप्रिल २०१५ मध्ये दिलेला निकाल मुळातून वाचण्याजोगा आहे. दोषाची माहिती जुन्या कंपनीतल्या किमान २४ जणांना होती, म्हणून या गाडीमालकांना टपालाने स्वतंत्र नोटीस मिळायला हवी होती आणि ती मिळाली नाही, हे त्यांनी मान्य केले. तरीही बहुतेक दावे त्यांनी रोखले. कारण? या मंडळींनी तेव्हा हरकत घेतली असती तरी आपण विक्री मंजूर केलीच असती, असे त्यांचे म्हणणे. ट्रस्टची वाटून झालेली मालमत्ताही परत मागता येणार नाही, असे त्यांनी ठरवले.

९/
१३ जुलै २०१६ रोजी अपील न्यायालयाने हा निकाल मुख्य मुद्द्यावर फिरवला. न्या. डेनी चिन यांचा युक्तिवाद साधा आहे. २००९ ची विक्री म्हणजे केवळ न्यायनिवाडा नव्हता, ती वाटाघाट होती. सरकारला आणि कंपनीला घाई होती. कामगार संघटना, विक्रेते, रोखेधारक यांनी त्या घाईत आपापल्या पदरात काहीतरी पाडून घेतले. गाडीमालकही तेथे असते तर त्यांना काहीच मिळाले नसते, असे खात्रीने कसे म्हणता येईल? शिवाय रिकॉलसाठी पहिल्या खरेदीदारांची नोंद ठेवणे कायद्यानेच बंधनकारक असल्याने पत्ते कंपनीकडे होते. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हस्तक्षेप नाकारला.

१०/
इथे गोष्ट संपायला हवी होती. संपली नाही. २०१७ मध्ये दावेदार आणि ट्रस्ट यांच्यात समझोता ठरत आला होता. तो झाला असता तर दाव्यांची बेरीज ३५ अब्जांच्या पुढे नेण्याचा मार्ग मोकळा होऊन चौथ्या भागातले ते कलम जागे झाले असते. ऐनवेळी ट्रस्ट मागे हटला आणि त्याने नव्या कंपनीशी वेगळा करार केला. स्वाक्षरी न झालेला समझोता बंधनकारक नाही, असा निर्णय जानेवारी २०१८ मध्ये झाला. अखेर २०२० मध्ये आर्थिक नुकसानीचे दावे १२ कोटी डॉलरवर मिटले. त्यांतले कमाल ५ कोटी ट्रस्टकडून यायचे होते.

११/
दुसरी बाजू प्रामाणिकपणे मांडायला हवी. जुन्या देण्यांची टांगती तलवार असेल तर बुडती कंपनी विकत कोण घेईल? कोणीच पुढे आले नसते तर गाडीमालकांच्या हाती काहीही लागले नसते. ट्रस्टमधले धनकोही निर्दोष होते. वर्षानुवर्षे थांबून मिळालेला वाटा परत द्या, असे त्यांना कोणत्या न्यायाने सांगायचे? दिवाळखोरीत कुठेतरी अंतिम रेघ ओढावीच लागते, हे मला मान्य आहे.

१२/
पण रेघ ओढण्याचा अधिकार एका अटीवर मिळतो: ज्यांचा हक्क रेघेपलीकडे जाणार आहे, त्यांना ते आधी सांगितलेले असले पाहिजे. इथे नोटीस वृत्तपत्रांत छापली होती. ती वाचूनही कोबाल्टच्या मालकाने हरकत कशाची घेतली असती? आपली गाडी सदोष आहे हे त्याला ठाऊक नव्हते. ठाऊक होते ते नोटीस देणाऱ्याला. हक्क सोडून देण्यासाठी आधी तो आहे हे कळावे लागते. म्हणून माझ्या मते अपील न्यायालय बरोबर होते आणि त्याचा निकाल सात वर्षे उशिरा आला, हीच खरी हानी होती. हक्क मान्य झाला तोवर ट्रस्टची बरीच मालमत्ता वाटून झाली होती.

१३/
आपल्याकडे २०१६ मध्ये नादारी व दिवाळखोरी संहिता आली. एप्रिल २०२१ मध्ये घनश्याम मिश्रा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, मंजूर योजनेत नसलेले दावे संपुष्टात येतात. खरेदीदाराला कोरी पाटी मिळते. तत्त्व आवश्यक आहे. परंतु दडवलेल्या दोषाचा बळी मुदत उलटल्यावर पुढे आला तर त्याचे काय, हा प्रश्न कधीतरी आपल्याही न्यायालयांपुढे येईल. तेव्हा डेट्रॉइटच्या या स्विचची आठवण कोणीतरी काढावी.

१४/
कंपन्यांचा इतिहास आपण संस्थापक, नफा आणि पडझड यांच्या अंगाने वाचतो. न बदललेला एक भाग क्रमांक आणि न पाठवलेली लक्षावधी पत्रे हीदेखील इतिहासाची साधनेच आहेत. पुढच्या वेळी जाहीर नोटीस दिसली तर पान उलटण्याआधी एकदा वाचून पाहा. माझ्या मताशी असहमत असाल तर अकराव्या भागापासून वाद सुरू करूया. तिथला युक्तिवाद मलाही पुरता खोडता आलेला नाही.