पहिल्या फेरीला कोण जातो?

"फायनल सोडून सोमवारी कसला जातोस?" 2020 च्या फेब्रुवारीत महाराष्ट्र ओपनसाठी पणजीहून रात्रीची बस धरली तेव्हा मित्रांनी मला वेड्यात काढलं. बालेवाडीला पोहोचलो तर खुर्च्यांच्या रांगाच्या रांगा रिकाम्या!

मंडळी, खरी लढाई पहिल्या फेरीतच असते. एकेरीत 28 खेळाडू. पहिल्या चार मानांकितांना थेट दुसरी फेरी. उरलेल्या 24 जणांची मात्र कसोटी. थेट प्रवेश मिळालेला खेळाडू इथे हरला तर गुण शून्य, आणि प्रवासाचा, प्रशिक्षकाचा खर्च डोक्यावर. बाजूच्या कोर्टवर एक जण स्वतःशी पुटपुटत रॅकेटच्या तारा सरळ करत होता. त्याचा श्वास मला ऐकू येत होता. टीव्हीवर हे दिसत नाही.

त्याच आठवड्यात लिअँडर पेस तिथे दुहेरी खेळला. 2020 हे निरोपाचं वर्ष असल्याचं त्याने आधीच जाहीर केलं होतं. वडील वेस पेस मूळचे गोव्याचे, म्हणून 1996 च्या ऑलिंपिक पदकापासून तो 'आमचो'. पण त्याला शेवटचं खेळताना पाहायला आपल्यापैकी किती जण गेले?

2023 नंतर ती स्पर्धा पुण्यात झाली नाही. पुरुषांची एटीपी 250 दर्जाची एकही स्पर्धा आज भारतात नाही. रिकाम्या खुर्च्यांमुळेच ती गेली, असं मी म्हणत नाही. पण सोमवारी जो खुर्चीत बसला नाही, त्याने आता गळा काढू नये.