टक्केवारीत न मावणारा खर्च

देशातील मालवाहतूक व साठवणुकीचा खर्च सकल देशांतर्गत उत्पादनाच्या १३ ते १४ टक्के असल्याचे आपण वर्षानुवर्षे ऐकत आलो. डिसेंबर २०२३ मध्ये ‘एनसीएईआर’ने २०२१-२२ साठी तो ७.८ ते ८.९ टक्के असल्याचा अंदाज मांडला. पुढे २०२३-२४ साठीचा अधिकृत अंदाज ७.९७ टक्के आला. ही घसरण मुख्यतः रस्ते वा रेल्वेने घडवलेली नाही. मोजण्याची पद्धत बदलली. नवी पद्धत अधिक शास्त्रशुद्ध आहे, हे मान्यच. तथापि या आकड्यावर समाधान मानण्यापूर्वी चेन्नईकडे पाहावे.

मद्रासला नैसर्गिक बंदर नव्हते. जहाजे दूर समुद्रात नांगर टाकत आणि काथ्याने शिवलेल्या मसुला होड्यांतून माल लाटा फोडत किनाऱ्यास लागे. बांधलेले बंदर १८८१ च्या चक्रीवादळात उद्ध्वस्त झाले. विसाव्या शतकाच्या आरंभी सर फ्रान्सिस स्प्रिंग यांनी त्याचा कायापालट केला. १९८३ मध्ये येथे कंटेनर टर्मिनल सुरू झाले. समुद्राकडील अडथळा सरला, पण तोवर शहराने बंदराला वेढले होते. आज परीक्षा आहे ती जमिनीकडच्या वाटेची.

बंदर ते मदुरवॉयल हा उन्नत मार्ग त्यासाठीच आखला गेला. २००९ मध्ये पायाभरणी झाली, तेव्हा खर्च सुमारे १,८०० कोटी रुपयांच्या घरात होता. कूवम नदीच्या प्रवाहात खांब येत असल्याच्या आक्षेपावरून २०१२ मध्ये राज्य सरकारने काम थांबवले. मे २०२२ मध्ये दुमजली मार्ग म्हणून पुन्हा पायाभरणी झाली, ती ५,८०० कोटींहून अधिक खर्चाची. नदीचा प्रश्न क्षुल्लक नव्हता, हे २०१५ च्या महापुराने चेन्नईला शिकवले. पण तो प्रश्न खांब रोवण्यापूर्वी सोडवायचा असतो. वाढलेला बांधकाम खर्च निदान कागदावर दिसतो. मधल्या दशकात रांगेत उभ्या राहिलेल्या ट्रकांची किंमत कोणत्याच खात्याच्या हिशेबात नाही.

येथेच खर्चाच्या प्रतिमानांची मर्यादा उघड होते. समजा, श्रीपेरुम्बुदूरहून निघालेला एक ट्रक नेहमी १२ तासांत बंदरात पोहोचतो. दुसरा कधी ६, तर कधी १८ तासांत. सरासरी दोघांची एकच. मात्र दुसऱ्याच्या भरवशावर असलेला उद्योजक १८ तास गृहीत धरूनच चालतो, कारण जहाज थांबत नाही. तो माल लवकर तयार ठेवतो, जादा साठा करतो, त्यात भांडवल अडकवतो. मोठी मोटार कंपनी हे पेलते. अंबत्तूरच्या लघुउद्योजकाला त्याचे व्याज भरावे लागते. सरासरीवर उभारलेले प्रतिमान हा भेद पाहू शकत नाही.

दुसरा प्रश्न, हा भार कोणावर पडतो? भाडे जेथे फेरीवर ठरते, तेथे रांगेतील तास ट्रकमालकाच्या आणि चालकाच्या माथी येतात. निर्यातदाराच्या हिशेबात ते खर्च म्हणून दिसतच नाहीत, म्हणून वाहतूक ‘स्वस्त’ भासते. न्हावा-शेव्याच्या वाटेवर ताटकळणाऱ्या चालकाला हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

सप्टेंबर २०२२ च्या राष्ट्रीय लॉजिस्टिक्स धोरणाने माहितीवर आधारित निर्णयांचा आग्रह धरला, तो योग्यच आहे. आता तीन गोष्टी व्हाव्यात. प्रत्येक मोठ्या बंदरासाठी कारखान्यापासून जहाजापर्यंतच्या वेळेची सरासरीच नव्हे, तर तिचा कमाल-किमान पल्लाही, फाटकाबाहेरील रांगेसह, दरमहा जाहीर व्हावा. वाहतूक करारांत ठरावीक तासांपलीकडील प्रतीक्षेचा मोबदला असावा. आणि प्रकल्प थांबवणाऱ्या वा रेंगाळवणाऱ्या प्रत्येक निर्णयासोबत विलंबाचा अंदाजित खर्च नस्तीवर नोंदवणे बंधनकारक असावे. निर्णय कदाचित तोच राहील. पण त्याची किंमत कोण मोजतो आहे, हे निदान लपणार नाही.