मोल ठरवणाऱ्याला जाब कोण विचारणार?

गेल्या वर्षी कर्जासाठी लातूरच्या आमच्या घराची किंमत दोन व्हॅल्युअरांनी केली. घर एक, आकडे दोन! एकाने दगडमातीच्या भिंती जमेस धरल्या, दुसऱ्याने शून्य. (१९९३ च्या किल्लारीच्या भूकंपानंतर दुसऱ्याचे म्हणणे आजीलाही पटले, ते असो.) पण चुकले कोण, हे विचारायचे कोणाला? कंपनी कायद्याखालील २०१७ च्या नियमांनी पदवी, अनुभव, परीक्षा, नोंदणी सक्तीची केली. तीही त्या कायद्याच्या कामापुरतीच. २०२० साली सरकारी तज्ज्ञ समितीने स्वतंत्र कायदा व राष्ट्रीय संस्था सुचवली. पदवी कोणती हवी, हा वाद अभियंत्यांनी खुशाल घालावा. नांदेडला कला शाखेत शिकणाऱ्या माझी मागणी वेगळी आहे: आकडा कसा काढला ते मराठीत लिहून द्या, आणि तक्रार ऐकणारी कचेरी जिल्ह्याच्या गावी ठेवा. त्यासाठी वडील काही दिल्लीला जाणार नाहीत.