गाण्याचा गाजावाजा आणि गायकाचा हक्क

चैत्रात रामनवमीपासून पौर्णिमेपर्यंत सप्तशृंग गडावर जो उत्सव भरतो, त्यासाठी खानदेशातून हजारो माणसे पायी निघतात. गड, नांदुरी आणि वणी हा सारा परिसर त्या दिवसांत माणसांनी जितका, तितकाच आवाजांनी भरून जातो. संबळ, डफ, वाहनांवर बांधलेले कर्णे आणि अलीकडे प्रत्येकाच्या खिशातला मोबाइल, या सर्वांतून देवीची गाणी एकाच वेळी वाजत असतात. त्यांतील काही जुनी, सर्वांच्या तोंडी असलेली. तर काही कोणा होतकरू तरुणाने पदरमोड करून नुकतीच ध्वनिमुद्रित केलेली. यात्रेकरू गाणे ऐकतो, ठेका धरतो आणि पुढे जातो. ते गाणे कोणी लिहिले, कोणी गायले आणि त्याबद्दल त्याच्या पदरात काय पडले, हा प्रश्न त्याला पडत नाही. तो पडावा अशी अपेक्षाही नाही. परंतु ज्यांना समाजाच्या सांस्कृतिक व्यवहाराची चाड आहे, त्यांना मात्र तो टाळता येणार नाही.

१९०२ साली कोलकात्यात ध्वनिमुद्रिकांसाठी पहिले व्यापारी मुद्रण झाले, तेव्हापासून सुमारे आठ दशके कोणाचा आवाज टिकावा, हे कंपनी किंवा आकाशवाणीचे परीक्षक मंडळ ठरवीत असे. ऐंशीच्या दशकात ध्वनिफितींनी ही मक्तेदारी खिळखिळी केली. फीत स्वस्त होती, तिची प्रत काढणे सोपे होते, आणि जत्रेतल्या दुकानदाराला ती परवडत होती. प्रल्हाद शिंदे यांच्यासारखा आवाज महाराष्ट्राच्या खेडोपाडी पोहोचला त्यात या फितीचा वाटा मोठा आहे. तथापि त्याच काळात ठोक रक्कम देऊन गाण्याचे सर्व हक्क कायमचे लिहून घेण्याची पद्धतही घट्ट झाली. कलावंत गाजला, पण गाजण्याचे उत्पन्न दुसऱ्याच्या खात्यात जमा होत राहिले.

२०१६ नंतर इंटरनेट स्वस्त झाले आणि चित्र पुन्हा पालटले. आज दिंडोरी वा कळवण तालुक्यातील एखादा तरुण घरातल्या खोलीत गाणे मुद्रित करतो आणि त्याच रात्री ते यूट्यूबवर ठेवतो. त्यासाठी कोणाची परवानगी लागत नाही, शुल्क द्यावे लागत नाही. जळगाव जिल्ह्यातून आलेल्या संजू राठोड यांचे ‘गुलाबी साडी’ हे गाणे २०२४ साली देशाच्या सीमा ओलांडून गेले, तेव्हा कलेच्या क्षेत्रात अखेर लोकशाही अवतरली, असा निष्कर्ष अनेकांनी काढला. हे यश निर्विवाद आहे आणि त्याचा अभिमान वाटणेही स्वाभाविक आहे. परंतु एका यशावरून व्यवस्थेची परीक्षा करणे म्हणजे सोडतीत जिंकलेल्याकडे पाहून सर्वांनी तिकिटे घेण्यासारखे आहे.

वस्तुतः अडसर नाहीसा झालेला नसून त्याची जागा बदलली आहे. पूर्वी गाणे मुद्रित होणे कठीण होते. आता मुद्रित झालेले गाणे कोणाच्या कानी पडणे कठीण झाले आहे. यूट्यूबने २०१८ सालापासून असा नियम केला की, जाहिरातीच्या उत्पन्नात वाटा हवा असेल तर वाहिनीला किमान एक हजार वर्गणीदार आणि वर्षभरात चार हजार तासांचे प्रेक्षण हवे. पुढे लघुचित्रफितींसाठी याला पर्याय देण्यात आला, पण तिथेही अट नव्वद दिवसांत एक कोटी प्रेक्षणांची आहे. २०१९ मध्ये भारतात आलेल्या स्पॉटिफायने २०२४ पासून ठरविले की, वर्षभरात एक हजार वेळा ऐकले न गेलेल्या गाण्याला ध्वनिमुद्रणाचे मानधन मिळणार नाही. म्हणजे एखाद्याचे गाणे नऊशे वेळा ऐकले गेले, तर त्याचा हिशेब शून्य, आणि ती रक्कम जास्त ऐकल्या जाणाऱ्या गाण्यांच्या वाट्यात मिसळली जाते.

कंपनीचे म्हणणे असे की, इतक्या क्षुल्लक रकमा बँकांच्या आकारणीतच विरून जातात आणि त्या कलावंतापर्यंत पोहोचतच नाहीत. या म्हणण्यात तथ्य नाही असे नाही. पण क्षुल्लक रक्कम साठवून ती पुढे देता येते. ती दुसऱ्याला देऊन टाकणे हा निराळा न्याय झाला. पिंपळगावच्या बाजारात ज्याच्या द्राक्षांची एकच पेटी आली, त्याच्या पेटीचे पैसे शंभर पेट्यांवाल्यांत वाटले, तर आपण त्याला हिशेबाची सोय म्हणणार नाही.

या परिस्थितीत प्रसिद्धी हाच स्वतंत्र धंदा होऊन बसला आहे. इतक्या हजारांत इतके लाख प्रेक्षक मिळवून देतो, असे सांगणारे मध्यस्थ तरुणांना गाठतात. यांतील बरेचसे आकडे यंत्रांनी फुगविलेले असतात. ते उघडकीस आले की आकडे पुसले जातात, क्वचित गाणेही काढून टाकले जाते, आणि दिलेले पैसे परत येत नाहीत. ज्या घरात द्राक्षबागेचे कर्ज फिटलेले नाही, त्या घरातल्या मुलाने असे पैसे उसने आणून घालविले, तर ते नुकसान केवळ कलेचे राहत नाही. दुसरीकडे, प्रतिष्ठित सेवाही या मोहातून सुटलेल्या नाहीत. स्पॉटिफायने २०२० पासून अशी योजना आणली की, गाण्याची शिफारस अधिक व्हावी यासाठी कलावंताने त्या शिफारशीतून येणाऱ्या मानधनातील तीस टक्के सोडून द्यावेत. अमेरिकेत पैसे घेऊन आकाशवाणीवर गाणी वाजविण्याच्या प्रकारावर १९६० साली कायदा झाला. त्यामागचे तत्त्व एवढेच होते की, पैसे घेऊन वाजविलेले गाणे तसे असल्याचे श्रोत्याला कळले पाहिजे. आज तेच तत्त्व नव्या माध्यमांना लावण्यास कोणाची हरकत असू नये.

यावर असे म्हटले जाते की, गाण्यात दम असेल तर ते आपोआप पसरते. याचे उत्तर याच जिल्ह्यात आहे. सिन्नर तालुक्यातील देशवंडी येथे १९२२ साली जन्मलेले वामनदादा कर्डक यांनी प्रौढपणी अक्षरओळख करून घेतली आणि पुढे हजारो गाणी रचली. त्यांच्या पाठीशी कंपनी नव्हती की जाहिरात नव्हती. ते गावोगाव जाऊन गात आणि ऐकणारे ती गाणी पुढे नेत. २००४ साली ते निवर्तले, पण त्यांची गाणी आजही जयंती-उत्सवांत गायिली जातात. तेव्हा दम असलेले गाणे पसरते, हे खरे; पण ते आपोआप पसरले नाही. त्यामागे एका माणसाची आयुष्यभराची पायपीट होती. शिवाय कीर्ती आणि उपजीविका या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिली लोक देऊ शकतात. दुसरीसाठी हिशेब, करार आणि कायदा लागतो.

कायद्याचा प्रवासही बोधप्रद आहे. १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला की, चित्रपटासाठी मोबदला घेऊन रचलेल्या गीत-संगीताचा प्रथम मालक, वेगळा करार नसेल तर, निर्माता होय. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी त्याच निकालात स्वतंत्र टिपण जोडून गायकाला कायद्यात हक्क नसल्याची खंत व्यक्त केली. ती उणीव दूर होण्यास काही दशके जावी लागली. २०१२ च्या दुरुस्तीने गीतकार व संगीतकार यांचा मानधनातील समान वाटा असा पक्का केला की, तो वारस किंवा हक्क-संस्था यांखेरीज कोणालाही लिहून देता येत नाही. तसा करार केला तरी तो निरर्थक ठरतो. व्यापारी वापराच्या मानधनावर गायक-वादकांचाही हक्क मान्य झाला. हक्काचे हस्तांतरण लेखी असलेच पाहिजे, आणि मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षांचीच मानली जाते, हेही कायद्यात आहे. गीतकार-संगीतकारांची आयपीआरएस ही १९६९ साली स्थापन झालेली संस्था २०१७ पासून पुन्हा अधिकृत नोंदणीनिशी काम करीत आहे.

दुर्दैव असे की, ज्यांच्यासाठी हे सारे झाले त्यांच्यापर्यंत ते पोहोचलेले नाही. देवीच्या गाण्यांच्या बाबतीत तर आणखी एक गुंता आहे. गोंधळाच्या, आरतीच्या पारंपरिक चाली कोणा एकाच्या मालकीच्या नाहीत. परंतु त्या चालीवरचे एखादे मुद्रण कंपनीने यंत्राकडे नोंदविलेले असेल, तर यंत्र दुसऱ्याच्या स्वतंत्र गायनावरही हक्क सांगू शकते. याला लेखी हरकत घेता येते. पण ती घ्यायची असते, हेच पुष्कळांना ठाऊक नसते आणि उत्पन्न निमूटपणे दुसरीकडे वळते.

येथे शिक्षक, कारकून आणि विद्यार्थी या वर्गाचे काम सुरू होते. करारनामा वाचणे, अर्ज भरणे, हरकतीचे पत्र लिहिणे, ही या वर्गाची रोजची विद्या आहे. वणीसारख्या गावातील एखाद्या महाविद्यालयाने वा वाचनालयाने वर्षातून दोन दिवस स्थानिक कलावंतांना ही माहिती दिली, तर त्याला फार मोठा खर्च येणार नाही. सही करण्यापूर्वी कागद शिक्षकाला दाखवावा, एवढी सवय लागली तरी पुष्कळ फसवणूक टळेल. उत्सवकाळात नव्या गाण्यांसाठी नियोजित वेळ आणि गायक-गीतकाराच्या नावाची घोषणा, हे देवस्थान आणि ग्रामपंचायत यांनी मनावर घेतले तर सहज होण्यासारखे आहे. आकाशवाणीच्या नाशिक व जळगाव केंद्रांनी त्या गाण्यांची निवड करून ती प्रसारित केली, तर सार्वजनिक माध्यमाचे प्रयोजनही सिद्ध होईल.

या उपायांनी प्रत्येक गायक श्रीमंत होईल, असे कोणी समजू नये. बहुसंख्य कलावंतांना उपजीविकेसाठी दुसरा उद्योग करावाच लागेल. तो पूर्वीही करावा लागत होता. पण स्वतःच्या गाण्यावर स्वतःचे नाव असणे, त्याचा हिशेब मागता येणे आणि प्रसिद्धीच्या नावाखाली लुबाडले न जाणे, ही माफक अपेक्षा आहे. गडाच्या वाटेवर पुढच्या चैत्रातही नवे गाणे वाजेल. ज्याने ते रचले तो तरुण त्या वेळी कर्जाच्या हप्त्याची चिंता करीत बसलेला असावा की आपल्या गाण्यामागून पायऱ्या चढत असावा, हे काही प्रमाणात तरी आपल्या हाती आहे.