नेतृत्वाची शाळा सुटल्यानंतर

समाजाने शिकवून मोठा केलेला तरुण पुढे जातो कोठे, हा प्रश्न आपल्या सभांतून वारंवार विचारला जातो. आणि बहुधा तो रागानेच विचारला जातो. परमपूज्य बाबासाहेबांनी १८ मार्च १९५६ रोजी आग्र्याच्या सभेत शिकलेल्या वर्गाविषयी जी खंत बोलून दाखविली, तिचा दाखला देऊन वक्ता खाली बसतो आणि मंडप टाळ्यांनी दुमदुमतो. टाळ्या देणाऱ्यांत त्याच तरुणाचे आईबापही असतात. या वादात एकाच पक्षाचे म्हणणे ऐकून निकाल दिला जात आहे, असे मला पुष्कळ दिवस वाटत आले आहे. म्हणून आज मी वाचकांपुढे एक दूरदेशीचा पुरावा ठेवू इच्छितो. दूरदेशीचा अशासाठी की, घरच्या मुलाचा विचार करताना आपला राग किंवा लोभ आड येतो; परक्या मुलांचा विचार आपण अधिक शांतपणे करू शकतो.

हा पुरावा दक्षिण आफ्रिकेतील आहे. त्या देशात १९४८ पासून वर्णविभेद हेच राज्याचे धोरण होते. १९५९ च्या कायद्याने गोऱ्यांच्या विद्यापीठांचे दरवाजे काळ्या विद्यार्थ्यांना जवळजवळ बंद झाले आणि त्यांच्यासाठी वंशावंशांची निराळी महाविद्यालये काढण्यात आली. विद्यार्थ्यांची एक राष्ट्रीय संघटना होती. तिचे पुढारी गोरे व उदारमतवादी होते. ठराव समतेचे करीत. परंतु १९६७ मध्ये ग्रॅहम्सटाऊन येथे तिचे अधिवेशन भरले तेव्हा गोऱ्या प्रतिनिधींची सोय विद्यापीठाच्या वसतिगृहात आणि काळ्यांची अन्यत्र, असा प्रकार घडला. ठरावात समता आणि निजण्याच्या जागेत भेद! आपल्या वाचकांना या अनुभवाची फोड करून सांगण्याचे कारण नाही. त्यातून जुलै १९६९ मध्ये टर्फलूप येथे दक्षिण आफ्रिकी विद्यार्थी संघटना, जिला संक्षेपाने 'सासो' म्हणत, ती स्थापन झाली. वैद्यकाचे विद्यार्थी स्टीव्ह बिको तिचे पहिले अध्यक्ष. त्यावेळी त्यांचे वय अवघे बावीस वर्षांचे होते.

त्याच वर्षी १ ते ४ डिसेंबर या काळात दरबानजवळ वेंटवर्थ येथे या संघटनेने कार्यकर्ते घडविण्याची पहिली राष्ट्रीय शाळा भरविली. पुढेही अशी शिबिरे भरत राहिली. आपल्या प्रश्नांची मांडणी आपण करावयाची, आपल्या संस्था आपण चालवावयाच्या, हा तेथील मुख्य पाठ. 'गोरेतर' हे सरकारी नाव त्यांनी फेकून दिले आणि आफ्रिकी, मिश्रवर्णीय व भारतीय अशा सर्व पीडितांसाठी 'काळा' हे एकच नाव अभिमानाने घेतले. 'हरिजन' हे नाव आपल्याला का सोसवेना, हे ज्याला कळते त्याला यातील मर्म सहज कळेल. ज्या भारतीय समाजातील पुष्कळांचे पूर्वज १८६० पासून नाताळच्या ऊसमळ्यांत करारबद्ध मजूर म्हणून गेले, त्या समाजातील स्ट्रिनी मूडली व साथ्स कूपर हे तरुण याच चळवळीत पुढे आले.

शिबिरात शिकलेली मुले शनिवार-रविवारी व सुटीत वस्त्यांवर जात. कोणी औषधोपचार करी, कोणी प्रौढांना अक्षरे शिकवी. काम चांगले होते. परंतु विद्यार्थी तो विद्यार्थीच. परीक्षा आली की वस्तीवरचे काम थांबे. पदवी मिळाली की कार्यकर्ता निघून जाई. तो जाणार तरी कोठे? शिकलेल्या काळ्या माणसाला सरकारी शाळेत मास्तरकी मिळे, गोऱ्याच्या पेढीत दुय्यम जागा मिळे, किंवा सरकारने वंशावार निर्माण केलेल्या 'बांटुस्तान' नावाच्या नामधारी राज्यांत अधिकाराची खुर्ची मिळे. या तिसऱ्या जागेवर बसणे म्हणजे ज्या व्यवस्थेविरुद्ध शिबिरात शपथ घेतली तिचाच कारकून होणे. पण घरी म्हातारे आईबाप आहेत, धाकटी भावंडे आहेत, पगार रोख आहे. अशा वेळी शपथ किती दिवस टिकेल?

या तरुणांच्या मोठेपणाची खरी गोष्ट येथून सुरू होते. त्यांनी शपथ अधिक कडक केली नाही. त्यांनी जागा निर्माण केल्या. १९७२ मध्ये बेनी कोआपा या समाजसेवकाच्या नेतृत्वाखाली 'ब्लॅक कम्युनिटी प्रोग्रॅम्स' ही संस्था उभी राहिली. बिको यांचे वैद्यकीय शिक्षण त्याच वर्षी सुटले, आणि ते या संस्थेत पगारावर कामाला लागले. 'पगारावर' हा शब्द मी मुद्दाम लिहिला आहे. आपल्याकडे कार्यकर्त्याने पगार घेणे म्हणजे काही पाप आहे, अशी समजूत रूढ आहे. ती समजूत पोटभर जेवणाऱ्यांनी निर्माण केली आणि अर्धपोटी राहणाऱ्यांनी मानली, असे माझे स्पष्ट मत आहे.

मार्च १९७३ मध्ये सरकारने बिको व त्यांच्या सहकाऱ्यांवर निर्बंध-हुकूम बजावले. बिको यांना किंग विल्यम्स टाऊन या त्यांच्या मूळ गावाच्या हद्दीत डांबण्यात आले. सभा नाही, भाषण नाही. त्यांचे शब्दही कोणी छापावयाचे नाहीत. काळ्या समाजाच्या स्थितीचे 'ब्लॅक रिव्ह्यू' हे वार्षिक त्यांनी सिद्ध केले होते. त्यावर संपादक म्हणून कोआपा यांचे नाव घालावे लागले. पण हद्दीत कोंडलेल्या या माणसाने गावातच संस्थेची शाखा उघडली. १९७५ मध्ये जवळच्या झिन्योका या खेड्यात 'झानेम्पिलो' नावाचे आरोग्य केंद्र सुरू झाले. या खोसा शब्दाचा अर्थ आरोग्य आणणारे. त्याच्या पहिल्या डॉक्टर माम्फेला राम्फेले या सासोतूनच आलेल्या. न्ज्वाक्सा या खेड्यात कातड्याच्या वस्तू करण्याचा कारखाना चालविण्यात आला. (कातड्याचे काम म्हणताच आपल्यापैकी काहींच्या मनात निराळ्या आठवणी जाग्या होतील. तेथे मात्र ते कोणाच्या जन्मास चिकटविलेले काम नव्हते. त्यात मजुरी होती आणि ज्याला ते नको त्याला ते सोडता येत होते.) तुरुंगातून सुटलेल्या राजबंद्यांना व त्यांच्या कुटुंबांना आधार देण्यासाठी 'झिमेले' हा न्यास काढण्यात आला आणि त्याचे काम सासोचे माजी सरचिटणीस मॅपेटला मोहापी पाहू लागले. डॉक्टर, परिचारिका, हिशेबनीस, क्षेत्र-कार्यकर्ता, संपादक अशी प्रत्येकाला बसावयास जागा होती, आणि ती आपल्याच लोकांत होती.

आणखी एक गोष्ट आईबापांसाठी. बिको यांचे वडील ते लहान असतानाच वारले. आईने मोलमजुरी करून मुले वाढविली. मुलगा हुशार निघाला तेव्हा गिन्सबर्ग या त्यांच्या वस्तीने शिष्यवृत्ती देऊन १९६३ मध्ये त्याला लव्हडेलच्या शाळेत पाठविले. निर्बंधाखाली गावी परत आल्यावर त्याच मुलाने गिन्सबर्गच्या विद्यार्थ्यांसाठी तो शिक्षणनिधी पुन्हा उभा केला. वस्तीने आधी दिले होते, म्हणून परतफेड कोणाला करावयाची हे त्याला ठाऊक होते.

सर्वांनाच अशी जागा लाभली असे नाही. टर्फलूपच्या अब्राम टिरो यांनी २९ एप्रिल १९७२ च्या पदवीदान समारंभात वंशविभेदी शिक्षणावर टीका करणारे भाषण केले आणि विद्यापीठाने त्यांना काढून टाकले. ते सोवेटोतील मॉरिस आयझॅकसन शाळेत इतिहासाचे शिक्षक झाले. तीही नोकरी टिकू दिली गेली नाही. १ फेब्रुवारी १९७४ रोजी बोट्स्वानात, टपालाने आलेल्या बॉम्बने त्यांचा बळी घेतला. वर्गावर त्यांना मिळालेला काळ थोडका होता. परंतु १६ जून १९७६ रोजी सोवेटोतील विद्यार्थ्यांचा जो मोर्चा निघाला, त्याचा एक प्रमुख त्सिएत्सी मशिनिनी हा त्याच शाळेचा, टिरो यांच्या हाताखाली शिकलेला विद्यार्थी होता.

सासोच्या व तिच्या सहकारी संघटनेच्या नऊ तरुणांवर दहशतवाद-विरोधी कायद्याखाली खटला झाला. १९७५ पासून डिसेंबर १९७६ पर्यंत तो चालला. कायद्याच्या अभ्यासकाने तो अवश्य वाचावा; कारण त्यातील पुरावा म्हणजे मुख्यतः ठराव, भाषणे, कविता आणि नाटके! शिक्षा मात्र पाच-सहा वर्षांची, रॉबेन बेटावर. मूडली आणि कूपर या नऊजणांत होते. मोहापी ५ ऑगस्ट १९७६ रोजी पोलीस कोठडीत मरण पावले. बिको १२ सप्टेंबर १९७७ रोजी प्रिटोरियात, कोठडीतच मरण पावले. १९ ऑक्टोबर १९७७ रोजी सासो, ब्लॅक कम्युनिटी प्रोग्रॅम्स आणि इतर अनेक संघटना सरकारने बेकायदा ठरविल्या आणि आरोग्य केंद्रासह संस्थेची मालमत्ता ताब्यात घेतली. पाच वर्षांत उभी केलेली जागा एका दिवसात गेली.

त्यानंतर जी पांगापांग झाली तिच्याकडे मी वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो. राम्फेले यांना त्याच वर्षी उत्तरेकडील लेन्येन्ये या अपरिचित वस्तीत हद्दपार करण्यात आले होते. तेथे त्यांनी 'इथुसेंग' हे दुसरे आरोग्य केंद्र उभे केले. पुढे त्या केपटाऊन विद्यापीठाच्या कुलगुरू झाल्या, जागतिक बँकेत गेल्या. सासोचे एक अध्यक्ष बार्नी पित्याना कायदा शिकले, १९७८ मध्ये परागंदा झाले, इंग्लंडात धर्मगुरू झाले, आणि पुढे मायदेशी परतून मानवी हक्क आयोगाचे अध्यक्ष झाले. नऊ आरोपींपैकी मोसिउआ लेकोटा संरक्षणमंत्री झाले. टर्फलूपच्या शाखेतच वावरलेले कायद्याचे विद्यार्थी सिरिल रामाफोसा १९८२ मध्ये खाणकामगारांच्या राष्ट्रीय संघाचे पहिले सरचिटणीस झाले, पुढे धनाढ्य उद्योजक झाले आणि २०१८ मध्ये राष्ट्राध्यक्ष. १६ ऑगस्ट २०१२ रोजी मारिकाना येथे पोलिसांनी संपावरील ३४ खाणकामगार गोळ्या घालून मारले, तेव्हा त्या खाणीच्या कंपनीच्या संचालक मंडळावर ते होते. चौकशी आयोगाने त्यांना त्या हत्येबद्दल जबाबदार धरले नाही, हेही सांगितले पाहिजे. परंतु खाणकामगारांचा सरचिटणीस खाणीच्या संचालकांच्या मेजापाशी कसा पोहोचला, हा प्रश्न आयोगाच्या कक्षेतला नव्हता.

एकाच शाळेतून निघालेली ही माणसे. शिकवण एकच, मग वाटा इतक्या निराळ्या का? स्वभावाचा भाग आहे, नाही म्हणू नये. परंतु १९७२ ते १९७७ या काळात जी संस्था होती, तिच्याभोवती यांतील कितीतरी एकत्र राहिले, आणि संस्था मोडताच ज्याने त्याने आपापला आसरा शोधला, ही वस्तुस्थिती केवळ स्वभावाने उलगडत नाही.

तरुणास कायद्याने बांधून ठेवण्याचे प्रयोगही आफ्रिकेत झाले आहेत. यादवी युद्धानंतर नायजेरियाने १९७३ मध्ये पदवीधरांना एक वर्ष राष्ट्रीय सेवेची सक्ती केली; त्यांना आपल्या प्रांताबाहेर पाठविण्यात येते. प्रांताप्रांतांची ओळख होण्यास तिचा उपयोग असेल. पण वर्ष संपले की सेवाही संपते. जोहान्सबर्गजवळच्या आफ्रिकन लीडरशिप अकॅडमीने दुसरा मार्ग काढला. शिक्षणाचा खर्च कर्ज म्हणून मांडावयाचा आणि विद्यार्थी पुढे आफ्रिकेत येऊन काम करील तर ते माफ करावयाचे, असा करार. मसुदा चतुराईचा आहे. तथापि करार माणसाला खंडात परत आणील. त्याच्या आईच्या वस्तीत आणील याची हमी तो देत नाही.

आता आपल्याकडे पाहू. बाबासाहेबांनी आग्र्याला खंत व्यक्त केली, हे आपण पाठ केले आहे. परंतु त्यापूर्वी ८ जुलै १९४५ रोजी त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली होती, १९४६ मध्ये मुंबईस सिद्धार्थ महाविद्यालय काढले होते आणि १९५० मध्ये औरंगाबादेस महाविद्यालय उभे केले होते, हे आपण विसरतो. शिकलेल्यांना जाब विचारण्याचा अधिकार त्यांनी जागा निर्माण करून मिळविला होता. आपल्या मंडपात टाळ्या देणाऱ्या किती जणांनी तो मिळविला आहे? मुलगा धम्म-शिबिरात श्रामणेर होऊन येतो, मुलगी विद्यार्थी संघटनेचे भाषण गाजवून येते, आणि घरी आल्यावर आपण त्यांना विचारतो, 'नोकरीचे काय?' विचारणे चूक नाही. पोट सर्वांना आहे. पण तेच आपण वर्षभराने सभेत त्याला समाजद्रोही म्हणतो.

माझी सूचना मर्यादित आहे. एका तालुक्यातील विहारांनी मिळून एका शिकलेल्या मुलाला किंवा मुलीला तीन वर्षे पुरेल इतके मानधन द्यावे आणि एक निश्चित काम सोपवावे. अभ्यासिका चालविणे, दाखल्यांचे व जमिनीचे अर्ज लिहून देणे, आजाऱ्यास जिल्ह्याच्या रुग्णालयापर्यंत नेणे. पैसा कुटुंबाकुटुंबाने दरमहा द्यावा. एका पुढाऱ्याकडून किंवा एका परदेशी दात्याकडून घेऊ नये. आफ्रिकेतील त्या संस्थेचा मोठा आधार चर्चचा व बाहेरचा पैसा होता, हा तिचा दुबळेपणा होता. जागा व पैसा कोणा व्यक्तीच्या नावावर ठेवू नये. रीतसर सार्वजनिक न्यास करून धर्मादाय आयुक्ताकडे नोंदवावा, दरवर्षी हिशेब तपासून विहारात वाचून दाखवावा. ज्या तालुक्यातील पाच कुटुंबे एकत्र येऊन संपादकांकडे पत्र पाठवितील, त्यांच्या न्यासपत्राचा मसुदा मी करून देईन. त्याचे शुल्क नाही. पत्रात तालुक्याचे नाव, कुटुंबप्रमुखांची नावे व दरमहा देता येईल ती रक्कम स्वच्छ अक्षरात लिहावी.