‘आयुर्वेदिक आहे, घाला डोळ्यात!’

सोयाबीनची मळणी असो, हरभऱ्याचं खळं असो की ज्वारीची रास असो, दिवसभर मशीनवर उभं राहून संध्याकाळी घरी आलेल्या माणसाचे डोळे एकदा नीट बघा. लाल झालेले, पापण्या सुजलेल्या, पाणी गळतंय आणि खाज तर अशी की चोळून चोळून जीव नकोसा व्हावा. मग घरोघरचे वैद्य जागे होतात. एकजण मध आणतो, दुसरा कांद्याचा रस पिळतो, शेजारची आजी एरंडेल घेऊन येते, नाहीतर बाळंतिणीच्या दुधाची धार सांगते. बाजारात डब्या मांडून बसलेल्याकडचा सुरमा आहेच. प्रत्येकाचं सांगणं एकच: ‘आयुर्वेदिक आहे, घाला डोळ्यात, अपाय काही नाही.’ या एका वाक्यापायी किती बुबुळांवर फूल पडलं, त्याची नोंद कुठल्या ग्रामपंचायतीच्या दप्तरात सापडायची नाही.

वाचकहो, आयुर्वेद असं सांगतच नाही. डोळ्यांसाठी आयुर्वेदात शालाक्यतंत्र नावाची स्वतंत्र शाखा आहे. सुश्रुताने डोळ्यांचे ७६ रोग वेगवेगळे करून सांगितले आहेत. त्यात डोळे लाल होऊन वाहू लागतात त्या दुखण्याला अभिष्यंद म्हटलं आहे आणि त्याचेही वात, पित्त, कफ, रक्त असे चार प्रकार केले आहेत. आज ज्याला आपण डोळ्यांची ॲलर्जी म्हणतो, तिची लक्षणं वैद्य मंडळी या अभिष्यंदाच्या प्रकारांत शोधतात. ज्या शास्त्राने एका लालीचे चार प्रकार केले, ते सगळ्या गावाला एकच बाटली कशी देईल?

आणि त्या शास्त्राचा पहिला उपचार औषध नाहीच. ज्या कारणाने रोग झाला ते कारण टाळा, याला वैद्यकात निदानपरिवर्जन म्हणतात. सुश्रुताने नेत्ररोगांची जी कारणं दिली आहेत, त्यात घाम आहे, धूळ आहे, धूर आहे आणि उन्हात तापून आल्याबरोबर थंड पाण्यात शिरणंही आहे. जणू आपलं खळं पाहूनच लिहिलंय! मळणीवरून घामाघूम उतरायचं आणि तसंच मोटारीच्या पाइपाखाली डोकं धरायचं, हे आपलं रोजचंच आहे. घरात बाईमाणूस ओल्या लाकडांच्या धुरात डोळे पुसत भाकरी थापते. तिची खाज तर कुणाच्या गणतीतच नसते.

तेव्हा सुरुवात इथून करा. मशीनवर उभं राहताना साधा प्लॅस्टिकचा चष्मा लावा आणि नाकातोंडाला पंचा बांधा. वाऱ्याच्या तोंडाला उभं राहू नका. घरी आलात की दहा मिनिटं सावलीत बसा, घाम जिरू द्या, मग आधी हात आणि नंतर तोंड, पापण्या स्वच्छ पाण्याने धुवा. कपडे बदला. ती धूळ अंगावर घेऊन अंथरुणात शिरलात तर रात्रभर खाजवत बसाल. खाज आलीच तर चोळू नका, थंड पाण्याची घडी मिटलेल्या डोळ्यांवर ठेवा. लहान मुलांच्या बाबतीत तर हे फारच सांभाळा. वर्षानुवर्षं डोळे चोळणाऱ्या पोरांचं बुबुळ पातळ होऊन शंकूसारखं पुढे येऊ शकतं आणि नजर कायमची बिघडते.

पोटात घ्यायचं, पथ्याचं, नाकाचं असं आयुर्वेदाकडे पुष्कळ आहे, आणि ते डोळ्याला हातही न लावता करता येतं. अभिष्यंद शब्दाचा अर्थच वाहणं, पाझरणं. म्हणून जे पदार्थ अभिष्यंदी ते बंद. त्यात पहिला नंबर दह्याचा, त्यातही रात्रीच्या दह्याचा. पहिले दोन-तीन दिवस हलकं जेवण, मुगाचं वरण, भात, आंबट-तिखट कमी. डोळ्यांच्या रोगांत जुन्या वैद्यांचा लंघनावर मोठा भर असे. हिरडा, बेहडा, आवळा समभाग घेऊन केलेलं त्रिफळा चूर्ण रात्री कोमट पाण्यातून घेतात. पोट साफ राहतं. मात्र पातळ होत असेल तर थांबवावं, आणि गरोदर बाईने वैद्याला विचारल्याशिवाय घेऊ नये. शिंका आणि डोळ्यांची खाज एकत्र असेल तर वैद्य नाकात साजूक तुपाचे दोन थेंब सोडायला सांगतात. अंगावर पित्त उठणाऱ्यांना हरिद्राखंड देतात. यातलं काही जादूने एका रात्रीत बरं करत नाही. ॲलर्जी ही मुळात प्रवृत्ती आहे, तेव्हा हंगाम आला की ती पुन्हा डोकं वर काढणारच.

आता डोळ्याच्या आतलं. मध, स्तन्य, रसांजन यांचा उल्लेख नेत्रचिकित्सेत आहे, हे खरं आहे. पण त्याच ग्रंथांत दुखणं नवं असताना, दोष पिकलेला नसताना अंजन घालू नये असंही बजावलं आहे. पहिला अर्धा भाग आजीला पाठ, दुसरा कुणी वाचलेलाच नाही. शिवाय बाजारात मिळतो तो मध कुठला, साखरेचा पाक किती, कोण सांगणार? सुरम्यात शिसं असू शकतं. त्रिफळ्याचा काढाही घरच्या पातेल्यातला, कालचा, नीट न गाळलेला असेल तर डोळ्यात जंतूच जातात. काढा करायचाच तर ताजा करा, चार पदरी धुतलेल्या फडक्यातून गाळा, पूर्ण निवू द्या, आणि त्यात भिजवलेली घडी मिटलेल्या डोळ्यांवर ठेवा. डोळा उघडून आत काही सोडायचं ते शालाक्याच्या वैद्याने तपासून सांगितलेलं, परवान्याचं, सीलबंद आणि मुदतीतलं असलं पाहिजे.

दुसऱ्या बाजूलाही अंधार आहेच. मेडिकलवर जाऊन ‘लाल डोळ्याचा ड्रॉप द्या’ म्हणायचं आणि मिळेल ते घालायचं. त्यात पुष्कळदा डेक्सामेथासोनसारखं स्टिरॉइड असतं. दोन दिवसांत लाली जाते, माणूस खूश! मग दर हंगामात तीच बाटली. अशा महिनोन्‌महिने वापराने डोळ्यातला दाब वाढून काचबिंदू होतो, मोतीबिंदूही लवकर येतो. काचबिंदूने गेलेली नजर परत येत नाही. ही बाटली डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय द्यायचीच नसते, पण तालुक्याच्या गावात चिठ्ठी विचारतो कोण?

एक फरक मात्र प्रत्येक घराने ध्यानात ठेवावा. दोन्ही डोळे खाजतात, पाणी येतं, नजर साफ आहे, तर बहुधा ॲलर्जी. पण एकच डोळा ठणकतोय, उजेड सहन होत नाही, दिसायला धूसर झालंय, बुबुळावर पांढरा ठिपका दिसतोय, किंवा कुसळ, उसाचं पातं लागल्याची आठवण आहे, तर ती ॲलर्जी नव्हे. तिथे त्रिफळा नको, मध नको, घरातला जुना ड्रॉप तर मुळीच नको. शेतातल्या इजेतून बुबुळावर बुरशी चढते आणि स्टिरॉइडने ती आणखी माजते. त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ गाठा.

आपल्या राज्यात प्राथमिक आरोग्य केंद्रांत बीएएमएस झालेले वैद्यकीय अधिकारी आहेत, जिल्हा परिषदेचे आयुर्वेदिक दवाखानेही आहेत. आयुर्वेद महाविद्यालयांतून शालाक्याचे पदव्युत्तर वैद्य बाहेर पडतात. मग सुगीच्या दिवसांत, बाजारच्या दिवशी, असा एक वैद्य आणि एक नेत्रतज्ज्ञ आरोग्य केंद्रात शेजारी शेजारी बसवायला काय हरकत आहे? डबीवाल्याला हुसकावून काही साधणार नाही, त्याच्या समोरच खरा वैद्य बसवला पाहिजे. जिल्हा परिषद सदस्यांनी हा विषय आरोग्य समितीत मांडावा.

राहिलं गाजर गवत. १९५५ च्या सुमारास पुण्यात पहिल्यांदा नोंदलं गेलेलं हे परदेशी तण आज बांधावर, गावठाणात, शाळेच्या मैदानात उभं आहे. त्याच्या परागकणांनी शिंका येतात, डोळे खाजतात, कातडीला चट्टे उठतात. एकेका झाडाला हजारो बिया. मेक्सिकन भुंगा १९८४ मध्ये भारतात सोडला, तो पावसाळ्यात पानं फस्त करतो, पण एकट्याने गाव साफ होत नाही. १६ ते २२ ऑगस्ट हा गाजर गवत जागरूकता सप्ताह. त्याच्या आदल्याच दिवशी, १५ ऑगस्टला, ग्रामसभा असते. त्या सभेत वॉर्डवार माणसं ठरवून घ्या. फुलं येण्याआधी, जमीन ओली असताना, मुळासकट उपटा. हातमोजे, पूर्ण बाह्यांचा सदरा आणि चष्मा घालून. फुलावर आलेलं गवत उकिरड्यात टाकू नका, नाहीतर पुढच्या वर्षी शेणखताबरोबर तेच शेतात जाईल. आणि ज्याला आधीच शिंका, खाज किंवा दम्याचा त्रास आहे, त्याला उपटणाऱ्यांच्या टोळीत घेऊ नका, त्याच्याकडे हजेरीची वही द्या.